मानाचं कणीस

न्यू होर्स्टहून दोन माणसं शुक्रवारी ऑफिसात येणार आहेत अशी मेल सोमवारी सकाळी आली, आणि सौमित्रने त्या दिवशी डबा उघडलाच नाही. त्याच्या बायकोने, मृण्मयीने, भरली वांगी दिली होती. ती मी आणि लतिकाने संपवली. संकटाच्या वेळी अन्न वाया घालवू नये.

न्यू होर्स्ट म्हणजे अमेरिकेत, आयोवा राज्यात, मक्याच्या शेतांच्या मधोमध असलेलं एक कॉलेजचं गाव. आम्ही म्हणजे युट्रेख्ट स्टेशनच्या मागे चौथ्या मजल्यावर बसून गावांच्या वेबसाइट बनवणारी कंपनी. आमच्या टीममध्ये तिघं मराठी होतो. कोथरूडची लतिका आमची लीड, सौमित्र मजकूर आणि पानं सांभाळायचा, आणि मी, ऋषभ, जे बिघडेल ते दुरुस्त करायचो. म्हणजे मला काम भरपूर होतं.

आयोवातल्या गावाने वेबसाइटसाठी हॉलंड का गाठलं, तर ते गाव डच लोकांनीच वसवलं होतं. दीडशे वर्षांपूर्वी एका धर्मगुरूचं इथल्या चर्चशी भांडण झालं, म्हणून तो बरीच कुटुंबं घेऊन जहाजात बसला. जहाजात त्यांचं आपसात भांडण झालं, म्हणून तिकडे उतरल्याबरोबर त्यांनी दोन चर्चेस बांधली. मग दोन्ही चर्चेसना धर्मगुरू कमी पडायला लागले, म्हणून कॉलेज काढलं. कॉलेजमधून धर्मगुरू कमी आणि बास्केटबॉलचे खेळाडू जास्त निघाले, पण गाव नावारूपाला आलं.

प्रेक्षणीय स्थळं पाच. एक पवनचक्की, जिने आजवर काहीही दळलेलं नाही. ट्युलिपच्या गड्ड्यासारखी बांधलेली पाण्याची टाकी, जी हायवेवरून कांद्यासारखी दिसते. लाकडी बुटांचं म्युझियम. कूपमन बेकरी. आणि कॉलेजचं विटांचं फाटक, ज्याखालून पदवी मिळायच्या आधी गेलं तर पोरगं नापास होतं अशी समजूत. पोरं भिंतीवरून उड्या मारून वर्गात जातात. हे सगळं खरं आहे. खोटं फक्त सहावं होतं, आणि ते सौमित्रने घातलं होतं.

झालं असं. साइटवर ‘आमचा इतिहास’ नावाचं पान होतं. त्याचा मजकूर कॉलेजचे निवृत्त इतिहासाचे प्राध्यापक वेंडेल कूपमन लिहून देणार होते. प्राध्यापक सखोल माणूस होते. आमची शेवटची तारीख आली तेव्हा त्यांचं जहाज अजून समुद्रातच होतं. पान रिकामं दिसू नये म्हणून आम्ही नेहमीसारखा अर्थहीन लॅटिन मजकूर भरला. त्यावर न्यू होर्स्टहून नम्र मेल आली की आमच्या पूर्वजांनी रोमच्या पोपशी संबंध तोडून बराच काळ लोटला आहे, कृपया लॅटिन नको.

मग सौमित्रने स्वतःच्या मनाने इंग्रजीत चार परिच्छेद लिहिले. तात्पुरते. तात्पुरता मजकूर पिवळ्या रंगात ठेवायचा, म्हणजे सगळ्यांना कळतं की हा काढायचा आहे, असा आमच्याकडे नियम होता. सौमित्रने तो पाळला. पण न्यू होर्स्टने मक्याच्या सन्मानार्थ अख्खी साइटच पिवळी मागितली होती. तिकडच्या ऑफिसातल्या कोणीतरी सगळ्या पानांना एकदम मंजुरी दिली, आणि पिवळ्यावर पिवळं जगासमोर गेलं.

त्या परिच्छेदांत लिहिलं होतं की दर वर्षी सुगीला मक्याचं पहिलं कणीस कॉलेजच्या फाटकात मोडलं जातं. ते मोडण्याचा मान परंपरेने टेर्पस्ट्रा घराण्याचा. कूपमन घराण्याने या मानावर पूर्वी खोटा हक्क सांगितला होता, म्हणून त्यांनी समारंभात मागे उभं राहायचं असतं.

टेर्पस्ट्रा हे नाव त्याने एका फोटोखालून घेतलं होतं. फोटोत डच पोशाखातल्या एक बाई रस्ता झाडत होत्या. कूपमन हे बेकरीच्या पाटीवरून.

ही गोष्ट मागल्या वर्षीची, दोन हजार पाचची. ऑक्टोबरमध्ये न्यू होर्स्टने तो समारंभ प्रत्यक्षात केला. आणि आता मार्चमध्ये श्रीमती आर्लीन टेर्पस्ट्रा आणि प्राध्यापक वेंडेल कूपमन पूर्वजांचं गाव बघायला हॉलंडला येत होते. वाटेत त्यांना आमच्याकडे थोडं काम होतं. या परंपरेचा मूळ आधार कुठे आहे, एवढंच त्यांना बघायचं होतं.

सौमित्रचं कंत्राट एप्रिलअखेर संपत होतं. कंत्राट गेलं की राहायचं परमिट जातं, हे इथे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मृण्मयी ठाण्यातली बँकेची नोकरी सोडून जानेवारीत आली होती. आल्मेरेमध्ये त्यांनी तीन खोल्यांचं घर घेतलं होतं भाड्याने, आणि आठवड्याभरापूर्वी तिने बाल्कनीत मेथी पेरली होती. आमचा साहेब येरून याने सौमित्रला सांगितलं होतं की कंत्राटाचं शुक्रवारच्या मीटिंगनंतर बघू. येरून वाईट माणूस नव्हता. त्याच्या डायरीत शुक्रवारच्या मीटिंगनंतरची जागा मोकळी होती, एवढंच.

बुधवारी लतिकाने आम्हाला कॉफी मशीनपाशी घेतलं.

“पुस्तकात वाचलं म्हणायचं,” ती म्हणाली. “जुनं पुस्तक. नंतर आगीत गेलं.”

“कुठल्या आगीत?” सौमित्रने विचारलं.

“लागली असेल कुठेतरी. युरोप आहे.”

मी म्हटलं, पूर जास्त शोभेल, या देशाला. लतिकाने माझ्याकडे असं पाहिलं की मी कॉफी न घेताच जागेवर गेलो. पण शेवटी पूरच ठरला. लायडनच्या एका पुस्तकविक्रेत्याचं तळघर, तिथे पाणी, पुस्तकाचा लगदा. सौमित्र गुरुवारी दिवसभर ते वाक्य ओठातल्या ओठात पाठ करत होता. संध्याकाळी ट्रेनमध्ये तो मला म्हणाला की मृण्मयीला काही सांगितलेलं नाही. ती खिडकीला पडदे शिवतेय. मी म्हटलं, इथे कोणी पडदे लावत नाही. तो म्हणाला, तेच तिला सांगायचं राहिलंय.

शुक्रवारी अकराला पाहुणे आले. आर्लीनबाई चणीने लहान, पांढरे केस घट्ट बसवलेले, कोटावर चांदीची पवनचक्की टाचलेली. प्राध्यापक उंच आणि वाकलेले. मीटिंगच्या टेबलाशी दोघं एकाच बाजूला बसले, पण मधे एक खुर्ची सोडून. येरूनने कॉफी दिली, प्रत्येकी एक बिस्कीट दिलं आणि डबा बंद केला.

“माझ्या भावाला सांगा,” आर्लीनबाई येरूनला म्हणाल्या, “की दूध त्याच्या बाजूला आहे.”

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. भाऊ. आर्लीन टेर्पस्ट्रा माहेरच्या कूपमन होत्या. सौमित्रने एका फोटोतून आणि एका पाटीवरून उचललेली दोन नावं सख्ख्या बहीणभावाची निघाली होती. गाव लहान असलं की असं होतं. आम्ही पुण्यामुंबईत वाढलेले, आम्हाला हे सुचलं नाही. सौमित्रला सुचायला हवं होतं, तो साताऱ्याकडचा.

प्राध्यापकांनी मग ऑक्टोबरची हकिगत सांगितली. आवाज न चढवता, वर्गात सांगावी तशी. साइटवरचं वाचून महापौरांना फार आनंद झाला, समिती नेमली गेली, बँड आला. प्राध्यापक फाटकापाशी पुढे जाऊन उभे राहिले, तेव्हा एका विद्यार्थ्याने हातात साइटचं छापील पान घेऊन त्यांना विनंती केली की सर, कूपमन मागे.

“त्या कॉलेजात मी आयुष्यभर इतिहास शिकवला,” ते म्हणाले. “त्या मुलाला मी बी ग्रेड दिला होता.”

पुढचं थोडं त्यांनी सांगितलं, थोडं आर्लीनबाईंनी, एकमेकांकडे न बघता. बेकरीने टेर्पस्ट्रांना दालचिनीचे रोल देणं थांबवलं. टेर्पस्ट्रांनी कूपमनांच्या दारासमोरचा बर्फ काढणं थांबवलं. नाताळला दोन घरी दोन जेवणं झाली. मग कूपमन उठून दुसऱ्या चर्चमध्ये गेले. त्या गावात चर्च बदलणं म्हणजे आपल्याकडे घराच्या मधून भिंत घालणं.

“आमची आई शहाण्णव वर्षांची आहे,” प्राध्यापक म्हणाले. “आर्लीन तिला दर रविवारी आमच्या जुन्या चर्चमध्ये नेते. तिथे मी दिसत नाही. आईची समजूत झालीय की मी वारलो.”

“मी तिला सांगितलं की तू वारला नाहीस,” आर्लीनबाई खिडकीला म्हणाल्या. “ती म्हणते, मग दाखव.”

कोणी हसलं नाही. प्राध्यापकांनी फाइल उघडून समोर ठेवली. त्यांनी हिवाळाभर चर्चची दप्तरं, जहाजाची यादी, वर्तमानपत्रं, सगळं तपासलं होतं. कणसाचा उल्लेख कुठेही नव्हता. तेव्हा एक तर त्यांचं सगळं शिक्षण फुकट होतं, किंवा हे पान. त्यांना फक्त आधार बघायचा होता. आधार असला तर ते मागे उभे राहायला तयार होते.

लतिकाने घसा साफ केला. पूर येण्याच्या बेतात होता.

“आधार नाही,” सौमित्र म्हणाला. “ते मी लिहिलं.”

येरूनने चष्मा काढला. “म्हणजे खोटं.”

“खोटं नाही. पत्ता चुकलाय. परंपरा खरी आहे, पण ती आमच्या गावची आहे. निमसाळे. कणीस नाही, नारळ असतो.”

मग त्याने सगळं सांगितलं, टेबलाकडे बघत. निमसाळ्याच्या जत्रेत पालखी निघण्यापूर्वी मानाचा नारळ फोडतात. तो मान भावकीतल्या थोरल्या घराचा, म्हणजे त्याच्या वडिलांचे चुलतभाऊ दीनानाथआबा यांचा. एका वर्षी आबा हर्नियाच्या ऑपरेशनसाठी साताऱ्याला दवाखान्यात होते, म्हणून सौमित्रच्या वडिलांनी, श्यामकांतरावांनी, नारळ फोडला. पुढच्या वर्षी त्यांनी मान परत द्यायला नकार दिला. एकदा फोडला की वहिवाट झाली, असं त्यांचं म्हणणं. ते तालुक्याला कोर्टात कारकून होते, त्यामुळे असं म्हणणं त्यांना सोपं गेलं. दावा लागला. कोर्टाने निकाल लागेपर्यंत पहिल्यासारखंच चालू द्या म्हटल्यावर फोडायला पुन्हा आबा, आणि धाकटं घर जत्रेलाच जायचं थांबलं. त्याला दहा वर्षं होऊन गेली. दोन्ही घरांत बोलणं नाही. लहानपणापासून जेवताना तेच ऐकून ऐकून, रिकामं पान भरायला बसल्यावर सौमित्रच्या बोटांतून तेच आलं. फक्त पानावर निकाल वडिलांच्या बाजूने लागला.

“म्हणजे आम्ही कोण?” प्राध्यापकांनी विचारलं.

“दीनानाथआबा,” सौमित्र म्हणाला. “सॉरी.”

प्राध्यापकांनी पेनाचं टोपण काढलं. त्यांना राग येईल असं मला वाटलं होतं. पण इतिहासाच्या माणसाचं वेगळं असतं, त्याला पहिल्यांदा पुरावा लागतो, राग त्यानंतर. ते म्हणाले की हेही त्याने आत्ताच रचलं नसेल कशावरून. या मुलाने एकदा परंपरा बनवलेली आहे, दुसऱ्यांदा बनवायला त्याला वेळ लागणार नाही. निमसाळ्यात कोण सांगू शकेल की अशी रीत आहे? त्याच्या घरचं कोणी नको. त्यांचा त्यात हितसंबंध आहे.

सौमित्रला उत्तर माहीत होतं, आणि ते देण्यापेक्षा त्याला पूर परवडला असता.

“दीनानाथआबा,” तो म्हणाला.

येरूनने टेबलाच्या मधोमध असलेला कॉन्फरन्सचा फोन त्याच्याकडे सरकवला. घड्याळात पाहिलं. बारा वाजता जेवण होतं, आणि डच माणूस जेवण पुढे ढकलत नाही, तो खटला पुढे ढकलतो. आत्ता फोन लावा, म्हणाला. खरं निघालं तर आपण बोलू. नाही निघालं तर मला तुझ्याशी वेगळं बोलावं लागेल, आणि तेही आजच.

नंबर सौमित्रला पाठ होता. दहा वर्षं न बोललेल्या माणसाचा नंबर पाठ असतो, हे मला त्या दिवशी कळलं. तिकडे दुपारचे चार वाजत होते. खूप वेळ घंटी वाजली, मग मागे टीव्हीवरच्या मॅचचा गलका आणि एक जाड आवाज.

“कोण?”

“मी सौमित्र.”

“कुठला सौमित्र?”

“धाकट्या घरातला, आबा.”

मॅचचा आवाज बंद झाला. खोलीत आम्ही सगळे त्या काळ्या डबीकडे बघत होतो. मग आबांनी विचारलं, “बाप बरा हाय न्हवं तुझा?”

“बरा आहे.”

“मग ठीक. मला वाटलं, तेच सांगाया फोन केलास.”

लतिका येरूनच्या कानाशी हळूहळू इंग्रजी करून सांगत होती. सौमित्रने आबांना परिस्थिती सांगितली. हे सोपं नव्हतं. अमेरिकेतल्या एका गावात आपल्या नारळाऐवजी मका मोडतात, हे पहिल्या झटक्यात कोणालाही पटत नाही. आबांनी मका कच्चा की भाजलेला ते विचारलं. पोलीस बसलेत का, तेही विचारलं. सौमित्र म्हणाला, साहेब बसलेत, आणि त्यांना फक्त एवढंच ऐकायचंय की अशी रीत आहे.

“मान कुणाचा लिवलायस?”

“कसला, आबा?”

“अरं, त्या मक्याचा. कुणाला दिलायस?”

“टेर्पस्ट्रा म्हणून आहेत.”

“ती आपल्यातलं कोण म्हणायची?”

“धाकटं घर.”

“आन् आम्ही?”

“मागे उभे,” सौमित्र म्हणाला. लतिकाने इथे भाषांतर थांबवलं. आर्लीनबाईंनी तिच्या हाताला हात लावून पुढे काय म्हणून विचारलं, तर ती फक्त ‘फॅमिली’ म्हणाली.

आबा हसले. ते हसणं ऐकून मला बरं वाटलं, पण ते लवकर संपलं.

“रीत हाय,” आबा म्हणाले. “तुझ्या सायबाला मी सांगतो की हाय. घे, त्यांच्या भाषेत सांगंन, यस म्हणून. पर आधी ती कुणाची हाय, ते तू सांग. मोठ्यांदा सांग, समद्यांदेखत. मग मी बोलतो.”

दाव्याची पुढची तारीख दोन आठवड्यांवर होती. सौमित्रच्या वडिलांनी या एका गोष्टीपायी गावात जाणं सोडलं होतं, दोन लग्नं आणि एक तेरावं चुकवलं होतं. टेबलाच्या या बाजूला कंत्राट, परमिट, बाल्कनीतली मेथी आणि पडदे. त्या बाजूला श्यामकांतराव, जे आयुष्यात दुसरं काहीही जिंकलेले नव्हते, आणि हेही अजून नाही. येरूनने घड्याळ बघितलं नाही, एवढं मी त्याच्या बाजूने सांगेन. प्राध्यापकांना शब्द कळत नव्हते, पण त्यांनी पेन खाली ठेवलं होतं. मान कोणाचा या भांडणाला भाषा लागत नसावी.

“आबा,” सौमित्र म्हणाला, आणि थांबला. मग सरळ बसला. “मान थोरल्या घराचा. तुमचा.”

फोनमधून काही आलं नाही. इतका वेळ काही आलं नाही की मी वायर तपासायला हात पुढे केला. बिघाड माझ्या खात्यात येतो.

“मग,” आबा म्हणाले, आणि आवाज आधीचा नव्हता, “नारळ माझ्या हातात कोण द्यायचा?”

सौमित्रला कळलं नाही.

“तुला कुणी सांगितलंच न्हाई तर. बापानं अर्धीच रीत शिकिवली व्हय? अरं, तुझा आजा माझ्या बापाच्या हातात नारळ द्यायचा. तुझा बाप माझ्या हातात द्यायचा. फोडणारा थोरला, देणारा धाकटा. दोघं असली तर मान. एकटा असला तर नुसतं खोबरं.” ते थांबले. “आता कमिटीचा सेक्रेटरी देतो. पिशवीतनं काढून देतो. प्लास्टिकच्या.”

लतिकाने हे सगळं नीट, एक शब्द न गाळता इंग्रजीत सांगितलं. खोबऱ्याला ती जरा अडली, मग तिने ‘नुसतं कणीस’ केलं. प्राध्यापकांनी तिला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा त्यांनी लिहून घेतलं नाही, नुसतं ऐकलं.

“मी ते बादलीतून उचललं होतं,” आर्लीनबाई म्हणाल्या.

कोणाला काही कळलं नाही.

“ऑक्टोबरात. कणीस. माझ्या हातात कोणी दिलं नाही. तिथे एक बादली ठेवली होती, त्यातून मीच घेतलं आणि मोडलं. बँड वाजला. मला तेव्हाच वाटलं, काहीतरी राहिलंय.” आता त्या पहिल्यांदाच उजवीकडे वळल्या. “वेंडेल, तू धाकटा आहेस.”

“मला माहीत आहे मी धाकटा आहे,” प्राध्यापक म्हणाले. “तू साठ वर्षं तेच सांगत आली आहेस.”

“मग दे की.”

प्राध्यापकांनी फाइल बंद केली. अटीशिवाय मान्य करतील तर ते कूपमन कसले. पानावर खरं लिहायचं, म्हणाले. ही रीत दोन हजार पाच साली भारतातल्या निमसाळे या गावाहून एका वेबसाइटमार्फत चुकून आली, आणि गावाने ठेवून घेतली. त्यांच्या मते आयोवातल्या निम्म्या परंपरा अशाच आल्या आहेत, फक्त कोणी तारीख लिहून ठेवलेली नाही. तारीख असली की त्यांची हरकत नव्हती. मग त्यांनी मधल्या खुर्चीवर ठेवलेला आपला कोट उचलून मांडीवर घेतला. आर्लीनबाईंनी सरकून त्या खुर्चीवर बसायला हवं होतं, तसं काही झालं नाही. त्यांनी फक्त दुधाचा पुडा स्वतः हात लांब करून घेतला.

फोन चालूच होता. “अरं, कोण हाय का?” आबा म्हणत होते. सौमित्रने हो म्हटलं. आबांनी विचारलं, यस म्हणायचं राहिलं, म्हणू का? येरूनने मान डोलावली. “यस,” आबा म्हणाले, प्रत्येक अक्षर वेगळं काढून, आणि मग सौमित्रला म्हणाले की चैत्रात ये, आणि बापाला घेऊन ये. जमलं तर. मॅच पुन्हा सुरू झाली आणि फोन ठेवला गेला.

बाराला दहा मिनिटं होती. येरूनने सौमित्रला सगळ्यांसमोर सांगितलं की त्याने केलं ते मूर्खपणाचं होतं. सगळ्यांसमोर सांगितलं म्हणजे मागाहून सांगायला नको, असा त्याचा हिशेब. आणि मग त्याच आवाजात, जणू वाक्य तेच चालू आहे, म्हणाला की वर्षाचं नाही, सहा महिन्यांचं कंत्राट देतो, आणि इतिहासाच्या पानांना हात लावायचा नाही. कोणत्याही देशाच्या. सौमित्र हो म्हणाला.

मग आम्ही सगळे जेवलो. पाव, चीज, ताक. आर्लीनबाईंनी विचारलं की नारळ फोडायला किती जोर लागतो. मी म्हटलं, मॅडम, भावकीवर अवलंबून आहे.

संध्याकाळी आल्मेरेच्या ट्रेनमध्ये सौमित्रने वडिलांना फोन लावला. मी शेजारी होतो. डब्यात गप्प बसायचा बोर्ड होता आणि आमच्याकडे चार जण बघत होते, पण त्याला तो फोन घरी, मृण्मयीसमोर लावायचा नव्हता. त्याने सगळं सांगितलं, काही न लपवता. वेस्प स्टेशन गेलं. ट्रेन पाण्याच्या कडेने चालली होती.

“स्पीकरवर होता का फोन?” शेवटी श्यामकांतरावांनी विचारलं.

“हो.”

“किती जण होते?”

“सहा. माझ्याशिवाय पाच.”

“मराठी किती जणांना कळत होतं?”

“दोघांना.”

“म्हणजे साक्षीदार दोनच,” श्यामकांतराव म्हणाले. “आणि दोघंही परदेशात. त्यांना समन्स बजावता येत नाही. बरं झालं.” मग थोड्या वेळाने, “प्लास्टिकच्या पिशवीतून देतो म्हणाला?”

“हो.”

“नारळ.”

“हो, बाबा.”

त्यांनी फोन ठेवला.

चैत्रात सौमित्र गेला. परमिटचं नूतनीकरण चालू होतं, म्हणून परत येता यावं यासाठी पासपोर्टवर वेगळा स्टिकर घ्यावा लागला. तो मिळवण्यात त्याचं वजन कमी झालं. जत्रेचं त्याने आल्यावर सांगितलं. वडील आले होते. सेक्रेटरीच्या पिशवीतला नारळ त्यांनी स्वतः मागून घेतला, पिशवी घडी करून सेक्रेटरीला परत दिली, आणि आबांसमोर जाऊन उभे राहिले. आबांनी दोन्ही हात पुढे केले. वडील नारळ धरून उभेच. सनई थांबली. पालखीवाले खांदे बदलायला लागले. कोणीतरी मागून म्हणालं, भटजी, मुहूर्त टळतोय. सौमित्र म्हणतो, मीटिंगमध्ये एवढा घाम आला नव्हता. त्याला वाटलं, आता हे वळतील आणि एसटी स्टँडकडे चालू लागतील. सकाळपासून त्यांनी परतीची एसटी दोनदा विचारली होती.

“हक्क राखून देतोय,” श्यामकांतराव म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, आणि नारळ आबांच्या हातात ठेवला.

“राखा,” आबा म्हणाले, आणि फोडला.